सहा बोटं डिझेल

“...मग नारळ कधी?”

 धाकू मिस्त्री डिझेलच्या टाकीशी उकिडवे बसून, टाकीच्या डोक्यातून बाहेर आलेल्या बारीक नळीकडे बघत होते.

हेरंब मयेकरने पुन्हा विचारलं, “काम संपलं. तुम्ही तीनदा पाहिलंत. चूक असेल तर दाखवा. नसेल तर नारळ द्या.”

“चूक आसा असा मी खय म्हटलंय?”

“मग काय करताय?”

“बघतंय.”

हे बघणं सकाळपासून चाललं होतं. हेरंबचा जीव टांगणीला लागला होता आणि मिस्त्री मात्र एखादं मूल झोपलंय की नाही हे बघावं तसे त्या नळीकडे बघत होते.

आडबंदरच्या खाडीकाठी मिस्त्रींचा मांगर आहे. मांगर म्हणजे चार बाजूंनी उघडी, झापांनी शाकारलेली भली मोठी शेड. तिच्यात पन्नास वर्षं बोटी बनताहेत. तिथे शिकायला येणाऱ्याला कागद मिळत नाही, शिक्का मिळत नाही. ज्या दिवशी मिस्त्रींना त्याचं काम पटतं, त्या दिवशी ते घरून एक नारळ आणून त्याच्या हातात ठेवतात. तो त्याने बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडायचा. त्यानंतर मिस्त्री त्याच्या कामात डोकावत नाहीत. एवढाच रिवाज.

हेरंबला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. तो याच गावचा, पण वाढला आणि शिकला कोल्हापुरात. डिप्लोमा पहिल्या वर्गात. त्याची चौकट आईने घरी देवांच्या शेजारी लावली होती. मांगरात त्याच्या मागून आलेले दोघे, एक सुतार आणि एक रंगारी, नारळ फोडून मोकळे झाले होते. चौकटवाला तेवढा राहिला होता, आणि ही गोष्ट त्याला आतून पोखरत होती. आता ही बोट ट्रकवर चढून लडाखला जायची होती. तिच्याबरोबर जाणार कोण, तर ज्याने नारळ फोडला तो.

“मिस्त्रीनू, काय बघायचंय ते सांगा तरी. मी दाखवतो.”

“दाखय.”

हेरंब तयारच होता.

“हीटरला डिझेल इंजिनाच्या नळीतून घेतलं नाही. टाकीला वेगळं भोक, वेगळी नळी. वरून आत सोडलेली, म्हणजे गळती झाली तरी टाकी रिकामी होणार नाही.”

“बरां.”

“नळी आतून जेमतेम सुतळीएवढी. रुंद घेतली तर बुडबुडे अडकतात आणि हीटर खोकतो. जिथे जोड आहे तिथे दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवलीत. मध्ये केसाइतकीही फट नाही.”

“बरां.”

“पंप रबरावर बसवलाय, नाहीतर त्याची टिकटिक केबिनभर ऐकू आली असती. आडवा नाही बसवला. तोंड वर करून, तिरका. हवा आली तर पुढे निघून जाईल. आधी गाळणी, त्याच्याही आधी बंद करायचा कॉक. हात पोचेल असा.”

“बरां.”

“आणि खरी गंमत आत आहे.” हेरंबचा आवाज नाही म्हटलं तरी थोडा चढला. “नळीचं टोक तिरकं कापलंय आणि टाकीच्या तळापासून फक्त अर्धं बोट वर ठेवलंय. दोनशे लिटरची टाकी, पण हीटरला जवळजवळ सगळं मिळणार. शेवटच्या थेंबापर्यंत.”

मिस्त्री पहिल्यांदा नळीवरून नजर काढून त्याच्याकडे बघायला लागले.

“शेवटच्या थेंबाक...”

“हो. बाईंनी सांगितलंच होतं तसं.”

बाई म्हणजे उल्का देवस्थळी. पुण्याच्या एका संस्थेतल्या. लडाखमधल्या उंचावरच्या एका तळ्याचं पाणी मोजणं हे त्यांचं काम, आणि ही बोट त्यांच्यासाठीच बनत होती. तीन महिन्यांपूर्वी त्या मांगरात येऊन गेल्या होत्या. ऐन दुपारी, ओढणीने मानेवरचा घाम पुसत, त्यांनी तिथल्या थंडीबद्दल सांगितलं. जुन्या बोटीतला हीटर एकदा भर तळ्यात विझला होता आणि बरोबरच्या माणसाच्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. मांगरातली उघडीबोडकी माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती. जाताना बाई हेरंबला म्हणाल्या होत्या, “बाकी काही करा. हीटर विझायला नको.”

ते वाक्य हेरंबने मनावर घेतलं होतं. त्या दोन बोटांची आठवण त्याला काम करताना खरोखर यायची. नळी तळापर्यंत नेण्यामागे फुशारकी होती तशीच ही कळकळही होती. दोन्ही एकाच नळीत भरल्यावर त्याला कुठली कुठली हे कळेनासं झालं होतं.

मिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“टाकयेत आता किती आसा?”

“रिकामी आहे.”

“अडीच बोटां डिझेल घाल. जास्त नको. उद्या सकाळी सुकतीबरोबर भायर जावया. खाडीच्या तोंडाक.”

“आणि नारळ?”

“नारळ घराक आसा,” मिस्त्री म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

*

सकाळी आठला बोट निघाली. सुकती म्हणजे ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं, इंजिनाला फारसं काम नव्हतं. बोटीवर दोघेच होते. मिस्त्रींनी बरोबर पाण्याची एक बाटली आणि कागदात बांधलेले चार घावणे घेतले होते.

खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या अलीकडे, मिस्त्री म्हणाले, “नांगर टाक. इंजान बंद कर.”

हेरंबने नांगर टाकला.

“आता हीटर लाव.”

“इथे?”

“मगे खय? थय जावन लावतलंस?”

चैत्र होता. मांगराच्या सावलीतसुद्धा अंगाला शर्ट चिकटत होता, इथे तर डोक्यावर ऊन होतं. हेरंबने बटण दाबलं. पंप टिकटिकायला लागला. थोड्या वेळाने आत घरघर झाली आणि केबिनच्या जाळीतून गरम हवा यायला लागली. एकदाही खोकला नाही, धूर नाही, वास नाही. हेरंबला मनातून फार बरं वाटलं.

“छान चाललाय,” तो म्हणाला.

“बरो चलता.”

मिस्त्री केबिनमध्ये मांडी घालून बसले. हेरंबलाही बसणं भाग होतं. दार उघडं ठेवायला त्याने हात पुढे केला तर मिस्त्री म्हणाले, “लावन घे. थय काय दार उघडा ठेवन बसतले?”

दार बंद झालं.

दहा मिनिटांत हेरंबच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. मिस्त्रींच्या टकलावरही थेंब जमले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. पाऊण तास गेला. मिस्त्रींनी घावणे सोडले, दोन त्याच्या पुढे केले. त्या भट्टीत बसून हेरंबने कसेबसे खाल्ले.

“मिस्त्रीनू, किती वेळ?”

“विझता काय बघतंय.”

“नाही विझणार.”

“नाय?”

“शेवटच्या थेंबापर्यंत नाही.”

“मगे बस.”

एकूण दोन तास झाले. हीटर एका लयीत चालला होता. हेरंबच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते, पण त्याने तक्रार केली नाही. तो मनात म्हणाला, म्हाताऱ्याला परीक्षा घ्यायचीय ना, घेऊ दे.

शेवटी मिस्त्री उठले. “चल. नांगर काढ. घराक जावया.”

“हीटर बंद करू?”

“कित्याक? चलान्दे.”

हेरंबने इंजिन सुरू केलं, पुढे जाऊन नांगर ओढून घेतला, मागे येऊन सुकाणू धरलं. बोटीने तोंड खाडीकडे वळवलं. गार वारा चेहऱ्यावर आला आणि त्याला आता मिस्त्रींच्या घरच्या परसातला नारळ दिसायला लागला.

एवढ्यात इंजिन घसा साफ केल्यासारखं खाकरलं.

मग पुन्हा खाकरलं.

आणि थांबलं.

हेरंबने किल्ली फिरवली. इंजिन घुर्रर्र करून गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. ओहोटीचा जोर अजून संपला नव्हता. बोट तोंड खाडीकडे करून, उलट्या पावलांनी समुद्राकडे निघाली. डावीकडे खडक होते, त्यांच्यावर फेस दिसत होता.

“मिस्त्रीनू! इंजान बंद पडला!”

कोल्हापुरात घासूनपुसून घेतलेली त्याची भाषा भीतीपुढे टिकली नाही.

मिस्त्री केबिनच्या पायरीवर बसले होते. “आयकलंय,” ते म्हणाले.

“डिझेल येत नाही!”

“टाकयेत नाय?”

हेरंबने झाकण उघडून बांबूची काठी आत बुडवली. काठीवर मिस्त्रींच्या बोटांच्या मापाने खुणा केलेल्या होत्या. काठी दोन बोटं भिजून बाहेर आली.

“आहे! दोन बोटं आहे. म्हणजे चौदा-पंधरा लिटर आहे!”

“मगे?”

हेरंब काठीकडे बघत राहिला. केबिनमध्ये पंपाची टिकटिक चालू होती.

“इंजिनाची नळी...” तो सावकाश म्हणाला, “इंजिनाची नळी कुठपर्यंत आहे?”

“आता इचारतंस?”

ती नळी मिस्त्रींनी स्वतः बसवली होती, हेरंबने हीटरला हात घालण्याच्या महिनाभर आधी. तळापासून बरोब्बर दोन बोटं वर, तळाचा गाळ आणि पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून. तीन वर्षांत हेरंबने मिस्त्रींना हजार गोष्टी विचारल्या होत्या. दुसरी नळी कुठे संपते हे एकदाही विचारलं नव्हतं. आपली नळी कुठे संपते, यातच तो गुंग होता.

“नांगर टाक आधी,” मिस्त्री म्हणाले. “मगे इचार कर.”

तो धावला. नांगर तळ धरेपर्यंत बोट खडकांच्या रेषेपलीकडे गेली होती. दोर ताणला, बोटीला हिसका बसला आणि ती थांबली.  हेरंबने ओले हात पँटला पुसले.

“कॅन आणलाय का डिझेलचा?”

“तू आणलंस?”

“नाही.”

“मगे नाय.”

“हीटरची नळी काढून इंजिनाला जोडली तर?”

बोलून होईपर्यंत त्यालाच उत्तर कळलं. हीटरचा पंप थेंब थेंब मोजून देणारा. इंजिनाला लागतो घोट. शिवाय त्या तळाच्या डिझेलात गाळ होता. हीटरच्या गाळणीत तो किती दिवस थांबला असता, हाही प्रश्नच होता.

“फोन करतो कुणाला तरी. ओढून नेतील.”

“कोणाक फोन नको. वायच थांब. भरती येतली.”

“किती वेळाने?”

मिस्त्रींनी पाण्याकडे बघितलं. “तीन तास.”

*

पहिला तास हेरंब इंजिनाशी झटत होता. काही उपयोग नाही हे माहीत असूनही झटत होता. हात काळे झाले, कोपर खरचटलं. मग तो येऊन मिस्त्रींच्या समोर बसला.

केबिनचं दार उघडं होतं. आतून गरम वाफा येत होत्या. वरून ऊन, मागून हीटर.

“आता तरी तो बंद करू द्या.”

“नको. बायनी सांगल्यानी मा, विझूक नको म्हणान.”

हेरंबला राग आला. तीन वर्षांचा राग एकदम आला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “काल मी सांगत होतो आणि तुम्ही बरां, बरां करत होतात. अडीच बोटं डिझेल घाल म्हणालात ते यासाठी. माझी फजिती करायला मला इथवर आणलंत.”

मिस्त्रींनी नांगराचा दोर चाचपून बघितला.

“माझं काम वाईट आहे का? हीटर बंद पडला का? एकदा तरी खोकला का?”

“नाय. बरो चलता.”

“मग?”

मिस्त्री उठून बोटीच्या कडेला आले.

“बोला ना, मिस्त्रीनू.”

मिस्त्रींनी खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि टकलावर ओतलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“तळ्याक भरती येता रे?”

हेरंबची नजर पाण्यावर गेली.

पाणी बोटीच्या अंगाला चुबकचुबक लागत होतं. पंप टिकटिकत होता. ती टिकटिक त्याला एवढ्या ठळकपणे आधी कधीच ऐकू आली नव्हती.

त्याला ते तळं दिसलं. कधी बघितलं नव्हतं, तरी दिसलं. चारी बाजूंना बोडके डोंगर. मध्ये पाणी, हलत नाही, कुठे नेत नाही. त्यावर ही बोट. इंजिन गप्प. आत बाई आणि त्यांची माणसं, हातपाय शेकत, गरम, निवांत. कुणालाच घाई नाही, कारण कुणालाच थंडी नाही. टाकीत तळाशी गाळाचं डिझेल आणि ते पीत बसलेली त्याची नळी, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि मग तो शेवटचा थेंब.

हेरंब उठला, आत गेला, हीटर बंद केला. या वेळी मिस्त्री नको म्हणाले नाहीत.

टिकटिक थांबली.

 उरलेले दोन घावणे मिस्त्रींनी खाल्ले. दीडच्या सुमाराला नांगराचा दोर सैल पडला, बोट हळूहळू स्वतःभोवती फिरली, आणि पाणी उलटं, घराकडे वाहायला लागलं. हेरंबने नांगर काढला. मिस्त्री सुकाणूवर बसले, हेरंबने वेळू घेतला आणि खडकांपासून बोट लांब ठेवत तो ढकलत राहिला. भरतीने त्यांना मांगरापर्यंत आणून सोडलं.

*

दुसऱ्या दिवशी हेरंबने सकाळीच टाकीतून नळी उपसून काढली आणि फळीवर आडवी ठेवली. हातात करवत घेतली. मग खाली ठेवली.

कापायची हे कळलं होतं. किती, हे कळलं नव्हतं.

तो मिस्त्रींना विचारायला निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि वळून माडाखाली जाऊन त्याने पुण्याला फोन लावला.

“उल्काताई, तळ्यावर तुम्ही काठापासून जास्तीत जास्त किती लांब जाता?”

“का हो?”

“नळी कापायचीय. हीटरची.”

“वीस किलोमीटर,” त्या म्हणाल्या. “नेहमी नाही. पण जातो.”

“परत यायला किती वेळ?”

“दोन तास. वारा समोरून असला तर तीन. पण नळीचा आणि त्याचा काय संबंध?”

 “ताई, हीटर विझणार.”



“मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे हेरंबला जास्त लागलं.

“हो. आणि मी ती केली होती. काल आम्ही बोट बाहेर काढली. हीटर मस्त चालू होता आणि इंजिन बंद. टाकीतलं डिझेल इंजिनाला पोचत नव्हतं, हीटरला पोचत होतं. आम्हाला भरतीने परत आणलं. तुम्हाला कोण आणणार?”

हेरंबने लांबून फळीवरच्या नळीकडे बघितलं.

“इंजिनाला घरी यायला लागेल तेवढं डिझेल टाकीत शिल्लक असतानाच हीटर विझायला हवा. नळी तेवढी आखूड करतोय.”

“म्हणजे टाकीत डिझेल असताना आम्ही काकडत बसायचं?”

“बसायचं नाही. काकडायला लागलात की लगेच फिरायचं. त्या वेळी इंजिन चालेल, याची जबाबदारी माझी.”

 

“त्या वेळी...” उल्काताई म्हणाल्या, “मागच्या वेळी हीटर विझला, तेव्हाही आम्ही लगेच फिरलो होतो. इंजिन चालू होतं. म्हणून तर फक्त बोटंच गेली.” मग थोड्या वेळाने, “हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. कापा तुम्ही.”

हेरंब फळीपाशी आला. तीन तास, तासाला पाच लिटर, पंधरा. त्याच्यावर तेवढंच आणखी, वाऱ्याला आणि नशिबाला म्हणून. तीस. एका बोटाला साधारण सात-साडेसात. म्हणजे चार बोटं. इंजिनाची नळी दोन बोटांवर, त्याच्या वर चार. सहा.

त्याने आपल्या हाताची बोटं नळीवर ठेवून खूण केली. मागे सावली पडली. मिस्त्री उभे होते.

“किती?”

“सहा बोटं.”

“कोणाची?”

हेरंबने आपला हात पुढे केला. मिस्त्रींनी त्याच्या शेजारी आपला ठेवला. पन्नास वर्षं लाकूड आणि लोखंड उचलून त्यांची बोटं हेरंबच्या दीडपट झाली होती.

हेरंबने आपली खूण पुसली. मिस्त्रींचा हात धरून नळीवर ठेवला, सहा बोटं मोजून नवी खूण केली आणि तिथे नळी कापली. कापलेला तुकडा टणकन खाली पडला. तो त्याने उचलला नाही. नळीच्या टोकाची कूस घासून काढली, फुंकून कीस उडवला, टाकीत पुन्हा सोडली, जोड टेकवले, पट्ट्या आवळल्या. पंपाचा तिरकेपणा पुन्हा एकदा बघितला. मग एका पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरून त्याने हीटरच्या बटणाखाली लावलं, ‘हा विझला की परत फिरा’.

हे सगळं होईस्तोवर दुपार टळली. मिस्त्री तिथेच, उपड्या होडीवर बसून होते. इकडे बघत नव्हते. सुपारी कातरत होते.

हेरंब हात धुऊन आला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“नारळ इचारूक नाय आज?” मिस्त्री म्हणाले.

“विसरलो.”

खरंच विसरला होता. सांगताना त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मिस्त्रींनी पायांमागून नारळ काढला. सोललेला, शेंडी राखलेला. म्हणजे तो सकाळपासून इथेच होता. त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला. हेरंबचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. तो नारळ दोन्ही हातांत धरून बसून राहिला. मग त्याला राहवलं नाही.

“मिस्त्रीनू, एक विचारू?”

“इचार.”

“परवा, मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. एका शब्दाचं काम होतं. दिवसभर उन्हात बसायला नको, खडकांवर जायची पाळी नको. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

मिस्त्रींनी अडकित्ता मिटला. खाली पडलेला नळीचा तुकडा उचलला, त्याच्यातून एका डोळ्याने हेरंबकडे बघितलं, आणि तो त्याच्या खिशात टाकला.

“तेवा सांगला असता,” ते म्हणाले, “तर नुसती नळीच आखूड झाली असती.”